निधी मागण्याआधी कपाट उघडा

प्रश्न : एका लहान सागरी संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात मी एकटीच काम करते. नियतकालिकांच्या वर्गणीची तरतूद गेल्या तीन वर्षांत इतकी आटली आहे की आता मोजकीच नियतकालिके येतात, आणि संशोधकांनी मागितलेला दर दुसरा निबंध ‘उपलब्ध नाही’ असे सांगून मागणी परत करावी लागते. आमचे संचालक म्हणतात की सगळे काही इंटरनेटवर फुकट मिळते, मग ग्रंथालयावर खर्च कशाला? मागच्या खोलीत दोन कपाटे भरून जुने अहवाल, सर्वेक्षणांच्या नोंदवह्या आणि निबंधांच्या सुट्या प्रती पडून आहेत. त्यांची साधी यादीही झालेली नाही. सागरविज्ञानाचे साहित्य ऑनलाइन नेमके कुठे शोधावे आणि अशा ग्रंथालयाला निधी कोण देते? शिवाय एक लहानशी शंका : जीर्ण नोंदवह्यांची पाने लॅमिनेट करून ठेवावीत, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. तसे करावे का?
— एक ग्रंथपाल

सप्रेम नमस्कार.

साहित्य कुठे शोधावे आणि पैसा कोण देईल, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. त्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न दडलेला आहे, आणि आपल्या व्यवसायातली बहुतेक मंडळी नेमका तोच ओलांडून पुढे जातात : जगात इतरत्र कुठेही नाही, असे आपल्या ग्रंथालयात काय आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधले की हे आपोआप कळू लागते, आणि हे कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही. संचालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्यातले कोणते अर्धे खरे, हे त्यांना कागदावर मांडून दाखवणे हे आपले पहिले काम.

त्यासाठी गेल्या बारा महिन्यांत आलेल्या मागण्यांच्या चिठ्ठ्या आणि ईमेल एका टेबलावर मांडा. नोंद ठेवलेली नसेल तर आजपासून एक वही घाला आणि तीन महिने थांबा. तेवढ्यानेही चित्र स्पष्ट होते. मग प्रत्येक मागणी ‘मिळाले’ किंवा ‘मिळाले नाही’ एवढ्यावर न सोडता, ती कशाची होती यानुसार तिचे ढीग लावा. सागरविज्ञानाच्या ग्रंथालयात असे साधारण चार ढीग पडतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते.

पहिला ढीग अलीकडच्या शोधनिबंधांचा. यातले बरेचसे निबंध प्रकाशकाच्या पानावर कुलूपबंद दिसले, तरी लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या भांडारात ठेवलेली स्वीकृत प्रत कायदेशीरपणे खुली असते. ती शोधण्यासाठी अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचे साधन वापरा. निबंधाच्या डीओआय या कायमच्या ओळख-क्रमांकावरून ते खुली प्रत कुठे आहे ते दाखवते. २०२२ मध्ये सुरू झालेली ओपनॲलेक्स ही मोफत सूची विषयवार शोधासाठी चांगली आहे, आणि २००३ पासून चालू असलेली डीओएजे ही निर्देशिका एखादे मुक्त नियतकालिक खरोखरीचे आहे की केवळ शुल्क उकळणारे, याची पहिली चाचणी म्हणून उपयोगी पडते. इतके करूनही प्रत सापडली नाही, तर लेखकालाच दोन ओळींचे पत्र लिहावे. सागरी क्षेत्रातील तज्ज्ञांची ‘ओशन एक्स्पर्ट’ ही निर्देशिका त्यासाठी आहे, आणि आपला निबंध कुणीतरी वाचू इच्छितो हे कळल्यावर नाही म्हणणारे लेखक मला तरी फारसे भेटलेले नाहीत. चोरीच्या प्रतींची संकेतस्थळे आपल्या संशोधकांना आपल्यापेक्षा आधी ठाऊक असतात. ग्रंथालयाने मात्र त्या वाटेला जाऊ नये, कारण उद्या निधी मागताना आपली नोंदवही कुणीही तपासू शकतो.

दुसरा ढीग जुन्या वर्गीकरणविषयक साहित्याचा. सागरविज्ञान इतर विज्ञानांपेक्षा इथे वेगळे पडते. एखाद्या रसायनशास्त्रज्ञाला शंभर वर्षांपूर्वीचा निबंध क्वचित लागतो, पण एखाद्या शेवंडाची किंवा समुद्री गोगलगायीची प्रजाती ठरवणाऱ्या माणसाला तिचे मूळ वर्णन पाहावेच लागते, मग ते अठराव्या शतकातले का असेना. यासाठी ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ हा अनेक देशांच्या ग्रंथालयांनी मिळून उभारलेला संग्रह आहे. त्यात सहा कोटींहून अधिक पाने खुली आहेत. १८७२ ते १८७६ या काळातील चॅलेंजर या ब्रिटिश सागरी संशोधन मोहिमेचे ५० खंडांचे अहवाल पूर्वी मोठ्या ग्रंथालयांत जाऊनच पाहावे लागत. आता ते आपल्या टेबलावर उघडतात.

मात्र या संग्रहात शोधण्याची एक खुबी आहे, आणि ती ठाऊक नसल्याने ‘काही सापडले नाही’ असे म्हणून लोक परत जातात. शास्त्रीय नावे बदलत असतात. पॅसिफिक कालवाचे उदाहरण घ्या. थुनबर्ग या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७९३ मध्ये त्याचे वर्णन ‘ऑस्ट्रेआ गिगास’ या नावाने केले, पुढे ते कित्येक दशके ‘क्रासोस्ट्रेआ गिगास’ म्हणून ओळखले गेले आणि आता ‘मॅगालाना गिगास’ हे नाव ग्राह्य धरले जाते. आजचे नाव घालून जुन्या खंडांत शोधले तर हाती शून्य लागणार. म्हणून आधी ‘वर्म्स’ या सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदपटात जावे, तिथे त्या जीवाची सगळी जुनी नावे, मूळ वर्णनकर्ता आणि वर्ष पाहावे, आणि मग त्या जुन्या नावाने हेरिटेज लायब्ररीत शोध घ्यावा. हे दोन टप्पे आपण एकदा संशोधकांना शेजारी बसवून करून दाखवा. ‘ग्रंथपालाची गरज काय’ या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

तिसरा ढीग अहवालांचा : मासेमारीची सर्वेक्षणे, प्रकल्पांचे तांत्रिक अहवाल, कार्यशाळांची इतिवृत्ते, संस्थांच्या अंतर्गत मालिका. हे साहित्य पुस्तकांच्या दुकानात कधी आले नाही आणि नियतकालिकांतही छापले गेले नाही, तरी आपल्या विषयाचा मोठा आधार त्याच्यावरच उभा आहे. यासाठी पहिला मुक्काम ‘ॲक्वाडॉक्स’. युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाचा, सागरी माहितीच्या देवघेवीसाठीचा आयओडीई हा कार्यक्रम आणि सागरी ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आपापली जुनी भांडारे एकत्र करून हे विषयवार खुले भांडार चालवले आहे. त्यापुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे प्रकाशनभांडार आणि अमेरिकेच्या नोआ या महासागर व हवामानविषयक सरकारी संस्थेचे भांडार पाहावे. अमेरिकी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर त्या देशात स्वामित्वहक्क लागत नाही, त्यामुळे नोआचे जुने अहवाल तुलनेने मोकळेपणाने वापरता येतात. १९७१ पासून चालत आलेली एएसएफए ही जलविज्ञान व मत्स्यविज्ञानाची सारसूची याच प्रकारच्या साहित्याची नोंद ठेवण्यासाठी नावाजलेली आहे.

चौथा ढीग सर्वांत फसवा, कारण त्यातली मागणी पुस्तकाची असते आणि गरज आकड्यांची. माझ्याकडे एका तरुण संशोधकाने सागरपृष्ठाच्या तापमानाचा एक जुना नकाशासंग्रह मागितला होता. तो मिळवण्यासाठी मी तीन आठवडे पत्रव्यवहार केला, आणि अखेर बोलता बोलता कळले की त्याला त्या नकाशांवरून मोजपट्टीने आकडे काढायचे होते! ते आकडे ‘वर्ल्ड ओशन डेटाबेस’मध्ये खुले होते. त्या दिवसापासून ‘हे घेऊन तुम्ही नेमके काय करणार?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय मी एकही चिठ्ठी स्वीकारली नाही. प्रजाती कुठे आढळल्या याच्या नोंदी ‘ओबिस’मध्ये, माशांची माहिती ‘फिशबेस’मध्ये, समुद्रतळाची खोली ‘जेब्को’मध्ये, आणि वरच्या दोन हजार मीटरपर्यंतचे तापमान व क्षारता ‘आर्गो’च्या तरंगत्या यंत्रांकडून मिळते, ही सारी माहिती खुली आहे. ग्रंथालयाच्या तालिकेत या संचांच्या नोंदी पुस्तकांसारख्याच कराव्यात, कारण वाचकाच्या दृष्टीने ती आपल्या ग्रंथालयातलीच साधने आहेत.

एवढे करूनही काही चिठ्ठ्या उरतील. त्यांतल्या सशुल्क नियतकालिकांसाठी ‘रिसर्च फॉर लाइफ’ची पात्रता तपासा. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संस्थांना प्रकाशकांचे साहित्य मोफत किंवा नाममात्र शुल्कात देणारी ही योजना आहे. तिच्यातला ‘अगोरा’ हा विभाग २००३ मध्ये शेती व मत्स्यव्यवसायासाठी, तर ‘ओएआरई’ हा विभाग २००६ मध्ये पर्यावरणासाठी सुरू झाला. पात्रता देशावर ठरते, पण नोंदणी संस्थेने करायची असते, आणि यादीत देश असूनही अर्जच न केलेली केंद्रे कमी नसतात. प्रत्येक प्रकाशक प्रत्येक देशाला सगळे देत नाही, हे लक्षात ठेवून संशोधकांना आधीच मोठी आश्वासने देऊ नका. १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘ईआयएफएल’ ही संस्थाही ग्रंथालयांच्या वतीने प्रकाशकांशी वाटाघाटी करते; मात्र ती देशपातळीवरील ग्रंथालयसंघांमार्फत काम करते, त्यामुळे आपल्या देशात असा संघ आहे का आणि आपले केंद्र त्यात बसते का, एवढेच विचारायचे.

आता आपल्या एकटेपणाविषयी. आपण त्याची तक्रार केलेली नाही, पण ‘एकटीच काम करते’ या शब्दांतून ते जाणवले. ‘आयॲमस्लिक’ या नावाने ओळखली जाणारी जलीय व सागरी विज्ञान ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७५ पासून आहे आणि तिची प्रादेशिक मंडळे आफ्रिका, युरोप, लॅटिन अमेरिका, पॅसिफिक बेटे अशी पसरलेली आहेत. तिच्या सदस्य ग्रंथालयांच्या तालिका एकत्र शोधता येतात आणि एखाद्या निबंधाची मागणी थेट त्या ग्रंथालयाकडे नोंदवता येते. अशा आंतरग्रंथालयीन देवघेवीत एक पथ्य पाळावे लागते : केवळ मागणारे ग्रंथालय म्हणून ओळखले जाऊ नये. आपला संग्रह लहान असला तरी त्यातले जे इतरांकडे नाही त्याची यादी आधी जाहीर करा, आलेली मागणी दोन दिवसांत पुरी करा, आणि मग मागा. तिच्या परिषदांना जाण्यासाठी सदस्यांना प्रवाससाहाय्य देण्याचीही या संघटनेत प्रथा आहे. आयओडीईच्या ‘ओशन टीचर’ प्रशिक्षणात माहिती-व्यवस्थापनाचे पाठही असतात. एकट्या माणसाला त्यांचा चांगला उपयोग होतो.

या सगळ्याअंती टेबलावर जो ढीग उरेल, त्याच्याकडे नीट पाहा. त्यातल्या काही चिठ्ठ्या खरोखर महागड्या नियतकालिकांच्या असतील. पण आपल्याच केंद्राच्या जुन्या सर्वेक्षणाचा अहवाल, एखाद्या बंद पडलेल्या मोहिमेच्या नोंदी, कुणा निवृत्त शास्त्रज्ञाच्या टिपणांसह असलेली निबंधाची प्रत, अशा मागण्याही त्यात सापडतील, आणि त्यांची उत्तरे इंटरनेटवर नाहीत. ती आपल्या मागच्या खोलीतल्या दोन कपाटांत आहेत. संचालकांना सांगायचे ते एवढेच की इतक्या मागण्या फुकट भागल्या, इतक्या देवघेवीतून भागल्या, आणि इतक्या फक्त आपल्या कपाटातून भागू शकतात. आकडे त्यांच्यापुढे ठेवा आणि वाद घालू नका.

‘सगळे इंटरनेटवर आहे’ या समजुतीने काय होते याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २०१३ च्या सुमारास कॅनडाच्या मत्स्यव्यवसाय व महासागर विभागाने आपल्या ११ ग्रंथालयांपैकी ७ बंद केली. संग्रह एकत्र करीत आहोत आणि दुबार प्रतीच काढून टाकीत आहोत, असे सरकारचे म्हणणे होते. मौल्यवान साहित्य कचऱ्यात गेले, असे संशोधकांचे. खरे-खोटे करण्याच्या भरीस मी पडणार नाही. मला त्यातून एवढेच उचलायचे आहे की ज्या ग्रंथालयाकडे स्वतःच्या दुर्मीळ साहित्याची छापील यादी तयार असते, त्याच्या बाजूने बोलणे सोपे जाते, आणि ज्याच्याकडे ती नसते त्याच्या कपाटात काय होते हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

निधीकडे वळताना आधी एक नको ती गोष्ट सांगते. नियतकालिकांच्या वर्गणीसाठी बाहेरून अनुदान मिळण्याची आशा सोडून द्या. वर्गणी हा दरवर्षी येणारा खर्च आहे आणि अनुदान देणारे असा खर्च अंगावर घेत नाहीत, कारण पैसे संपले की तो पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. तो केंद्राच्या नेहमीच्या तरतुदीतूनच व्हायला हवा. बाहेरचा निधी एखाद्या ठरावीक मुदतीत संपणाऱ्या, मोजता येणाऱ्या कामासाठी मिळतो.

हे मी ठेच खाऊन शिकले. अनेक वर्षांपूर्वी मी ‘ग्रंथालयाचे आधुनिकीकरण’ या मथळ्याचा प्रस्ताव एका संस्थेकडे पाठवला होता. त्यात संगणक होते, स्कॅनर होता, कपाटे होती, एक प्रशिक्षणवर्गही होता. तो परत आला तेव्हा समासात एकच ओळ होती : यातून कोणाचे कोणते काम अडले आहे ते सुटेल? मला राग आला होता, पण उत्तरही सुचले नव्हते. दोन वर्षांनी मी फक्त एकच गोष्ट मागितली : धक्क्यावर रोज सकाळी घेतलेल्या तापमानाच्या आणि क्षारतेच्या जुन्या नोंदवह्यांचे स्कॅनिंग आणि त्यातले आकडे संगणकावर उतरवणे. अर्जावर माझ्या सहीशेजारी एका सागरवैज्ञानिकाची सही होती, कारण त्याला ती दीर्घकालीन मालिका हवी होती. तो प्रस्ताव मंजूर झाला. स्कॅनर त्यातच आला.

म्हणून आपल्या कपाटातल्या नोंदवह्यांकडे कागद म्हणून न पाहता आकड्यांचे साठे म्हणून पाहा. या कामाला जगात मान्य नाव आणि इतिहास आहे. १९९३ मध्ये आयओडीईच्या छत्राखाली ‘गोडार’ हा प्रकल्प सुरू झाला. जगभरच्या संस्थांत वह्यांमध्ये अडकलेल्या सागरी नोंदी शोधून वाचवणे हे त्याचे काम होते, आणि त्याचे नेतृत्व सिडनी लेव्हिटस यांनी केले. आज ‘वर्ल्ड ओशन डेटाबेस’मध्ये असलेल्या जुन्या आकड्यांत त्याचा मोठा वाटा आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ उपक्रमात तर सामान्य स्वयंसेवकांनी जुन्या युद्धनौकांच्या नोंदवह्यांतली हवामानाची निरीक्षणे वाचून उतरवली. हवामानबदलावर काम करणाऱ्यांना मागचे आकडे नव्याने मोजता येत नाहीत. ते कुणीतरी तेव्हा मोजून लिहून ठेवलेले असावे लागतात. आपल्या प्रस्तावाचे पहिले वाक्य या वस्तुस्थितीभोवती बांधा.

पण त्याआधी एक वही उघडून बसा आणि एकच पान काळजीपूर्वक वाचा. समजा, डावीकडे तारीख व वेळ, मग स्थानकाचा क्रमांक, मग खोलीच्या रकान्यात ‘१२’, तापमानाच्या रकान्यात ‘८१’, आणि शेवटी, सेकी तबकडी पाण्यात सोडून मोजलेल्या पारदर्शकतेचा रकाना. १२ काय? मीटर असतील तर एक गोष्ट, फॅदम हे जुने सागरी माप असेल तर खोली जवळपास २२ मीटर होते. ८१ हे उघडच फॅरनहाइट आहे, पण पुढच्या वर्षीच्या वहीत त्याच रकान्यात ‘२७’ दिसू लागले, तर एकक नेमके कोणत्या दिवशी बदलले? तापमान बादलीत काढलेल्या पाण्याचे की खोल पाण्यात उलटवून तिथलेच तापमान पकडणाऱ्या तापमापकाचे? स्थानक क्रमांक ४ म्हणजे समुद्रातली कोणती जागा? याची उत्तरे बहुधा वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली असतात, किंवा त्या काळी काम केलेल्या एखाद्या निवृत्त माणसाच्या डोक्यात. त्या माणसाला याच महिन्यात गाठा. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल.

निधी देणाऱ्यांपैकी सर्वांत जवळचा आपल्याच इमारतीत आहे : केंद्रातील संशोधकांचे चालू प्रकल्प. संशोधनाला पैसा देणाऱ्या अनेक संस्था आता अर्जासोबत डेटा-व्यवस्थापनाचा, म्हणजे जमवलेले आकडे कसे सांभाळणार याचा, आराखडा मागतात. अमेरिकेच्या एनएसएफ या विज्ञान-निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने ही अट २०११ पासून घातली आहे. हा आराखडा लिहिणे संशोधकांच्या जिवावर येते. तो आपण लिहून द्या आणि त्याच्या अंदाजपत्रकात जुन्या आकड्यांच्या नोंदणीसाठी, भांडारात साठवणुकीसाठी, एका अर्धवेळ साहाय्यकासाठी रक्कम घाला. अर्ज मंजूर झाल्यावर नव्हे, तर त्याचा मसुदा होत असतानाच हे व्हायला हवे. नंतर कुणी खर्चाची शीर्षे उघडू देत नाही.

दुसरी वाट अभिलेख वाचवणाऱ्या योजनांची. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ज प्रोग्रॅम’ २००४ पासून धोक्यातल्या जुन्या अभिलेखांच्या अंकीकरणाला अनुदान देतो. मूळ कागद त्यांच्या देशातच राहतात आणि प्रती खुल्या होतात. विसाव्या व एकविसाव्या शतकातील साहित्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील ग्रंथालयाचा ‘मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ज प्रोग्रॅम’ आहे. या दोन्हींमध्ये ‘धोक्यातले’ हा शब्द मोलाचा आहे, त्यामुळे ओल, कसर, ठिसूळ कागद यांची छायाचित्रे आणि संग्रहाचे सांस्कृतिक महत्त्व प्रस्तावात दिसायला हवे. निव्वळ वैज्ञानिक उपयोग सांगून भागत नाही. मासेमारांच्या जुन्या नोंदी, बंदरांची कागदपत्रे, किनाऱ्याची छायाचित्रे असा भाग आपल्या कपाटात निघाला, तर या वाटेचा विचार करावा.

सध्या २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचे सागरविज्ञान दशक चालू आहे आणि त्याचे नाव प्रत्येक प्रस्तावात घालण्याची लाट आलेली आहे. दशकाच्या यंत्रणेने एखाद्या उपक्रमाला मान्यता दिली म्हणजे पैसे मिळाले, असे नसते. मान्यतेने दारे उघडतात, थैली नाही. आपल्या कामाचा त्याच्या उद्दिष्टांशी संबंध एका वाक्यात सांगून पुढे जावे.

अंदाजपत्रकाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण प्रस्ताव तिथेच फसतात. हस्तलिखित पानाचे स्कॅनिंग ४०० डीपीआयने (इंचाला ४०० ठिपके), रंगीत आणि न आवळलेल्या टिफ स्वरूपात करायचे ठरवले तर ए-४ आकाराच्या एका पानाची फाइल सुमारे ४६ एमबीची होते. दहा हजार पानांचे सुमारे ४६० जीबी होतात, आणि तीन प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या म्हटल्या तर जवळपास १.४ टीबी. ही साठवणूक आता फारशी महाग नाही, पण स्कॅनिंगपेक्षा कितीतरी अधिक वेळ नोंदी करण्यात जातो, आणि हाताने लिहिलेले आकडे उतरवून दुसऱ्या माणसाकडून तपासून घेण्यात त्याहून अधिक. अंदाजपत्रकात यंत्रांचे शीर्ष मोठे आणि माणसांचे लहान दिसले, की अनुभवी परीक्षक तिथेच थांबतो. म्हणून आधी एका खोक्यातली पाचशे पाने आपल्याकडच्या साधनांनी पूर्ण करा, प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मिनिटांत लिहा, आणि त्या मोजमापावरून पुढचा हिशेब मांडा. अशी पाचशे पाने आणि त्यांतून निघालेला एक आलेख सोबत जोडलेला प्रस्ताव वीस पानांच्या प्रस्तावनेपेक्षा अधिक बोलतो.

स्वतःचे भांडार स्वतःच्या सर्व्हरवर उभे करण्याचा मोह टाळा. भांडारासाठीची डीस्पेस किंवा ग्रंथालयाच्या कामाची कोहा ही प्रणाली विनामूल्य आहे हे खरे, आणि तालिकेसाठी कोहा जरूर वापरावी. पण खुल्या भांडाराचा सर्व्हर सांभाळणारा माणूस विनामूल्य नसतो आणि निधीची मुदत संपल्यावर तो निघून जातो. अहवाल ॲक्वाडॉक्समध्ये ठेवा. आकड्यांचे संच सर्न ही युरोपातील अणुसंशोधन संस्था चालवीत असलेल्या झेनोडो या खुल्या भांडारामध्ये किंवा आपल्या देशाच्या सागरी माहिती केंद्राकडे द्या. त्याआधी स्वामित्वहक्काचा प्रश्न मिटवा : केंद्राच्या स्वतःच्या अहवालांसाठी संचालकांची लेखी परवानगी पुरते, पण नियतकालिकांतल्या निबंधांच्या सुट्या प्रती आपल्या कपाटात आहेत म्हणून त्या खुल्या करता येत नाहीत. कोणता प्रकाशक काय करू देतो, हे शेर्पा रोमिओ या नावाने परिचित असलेल्या धोरणसूचीत पाहता येते. सुट्या प्रतींपैकी ज्या हेरिटेज लायब्ररीत स्वच्छ उपलब्ध आहेत, त्या कपाटातून काढायला माझी हरकत नाही. मात्र ज्यांच्या समासात कुणाची टिपणे आहेत त्या ठेवा.

आता लॅमिनेशनची शंका. कृपा करून करू नका. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही, आत अडकलेले आम्ल कागदाला आतून खात राहते, आणि जुन्या लोहयुक्त शाईचे पान तर त्या उष्णतेत आणखी ठिसूळ होते. शिवाय चकाकत्या पृष्ठभागामुळे स्कॅनिंगही खराब येते. त्याऐवजी गंजलेल्या टाचण्या हळुवार काढा, प्रत्येक वही आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा, खोक्यावर क्रमांक मऊ पेन्सिलीनेच लिहा, आणि एकमेकांना चिकटलेली पाने स्वतः सोडवायला जाऊ नका. वह्या कपाटात ज्या क्रमाने लागल्या आहेत त्याचे, हात लावण्यापूर्वी, एक छायाचित्र काढून ठेवा. स्थानक क्रमांक ४ कुठे होते हे कधी कधी शेजारची वही सांगते.